वैराची फेड : ऐतिहासिक प्रणयकथा आणि करवीरचा वाचक

ज्या कथेतील नायक आणि नायिका परस्परांच्या वैऱ्यांच्या घरी जन्मास येतात, तलवारीच्या धाकाने किंवा तहाच्या एखाद्या कलमाने एका वाड्यात येऊन पडतात, आणि आरंभी एकमेकांच्या सावलीचाही विटाळ मानून अखेरीस एकमेकांवाचून जगणे अशक्य व्हावे इतकी जवळ येतात, त्या कथेविषयी वाचकांचे एकमत क्वचितच होते. एकास ती मानवी हृदयाच्या सामर्थ्याची साक्ष वाटते. दुसऱ्यास ती पूर्वजांच्या रक्ताचा अधिक्षेप वाटते. तिसरा वैर आणि प्रीती दोन्ही बाजूस ठेवून कोणत्या शकात कोणता किल्ला कोणाकडे होता याचीच रुजुवात घेत बसतो. पाश्चात्त्य देशांत या जातीच्या कादंबऱ्यांचे पीक उदंड आहे आणि त्यांच्या वाचकांचे वादही तितकेच उदंड आहेत. आपल्याकडे हा वाद कसा उद्भवला, कोणत्या प्रश्नांभोवती फिरला आणि त्यातून वाचकाची कसोटी कशी घडत गेली, हे पाहावयाचे तर करवीर म्हणजेच कोल्हापूर, त्याइतके सोयीचे ठिकाण दुसरे सापडणे कठीण. कारण या नगराचा राजकीय इतिहास वैराचा आहे, आणि वाङ्मयीन इतिहास बव्हंशी त्या वैराकडे मागे वळून पाहणाऱ्यांचा आहे.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहूराजे मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि महाराणी ताराबाईंनी त्यांचा हक्क अमान्य केला, तेव्हापासून छत्रपतींच्या घरातच दोन निशाणे उभी राहिली. साताऱ्याचे शाहू आणि करवीरचे संभाजी या दोन चुलतबंधूंची भेट १७३१ च्या फेब्रुवारीत कऱ्हाडजवळ जखिणवाडीस झाली आणि त्याच वर्षीच्या एप्रिलात वारणेचा तह होऊन दोन राज्यांची सरहद्द ठरली. परंतु सरहद्द ठरली म्हणून मनातील गाठ सुटली असे नव्हे. पुढे पटवर्धन सरदारांशी करवीरचा झगडा पिढ्यान्‌पिढ्या चालला आणि १७९९ च्या सप्टेंबरात पट्टणकोडोलीच्या रणात परशुरामभाऊ पटवर्धन पडले. इंग्रजांच्या अमदानीत दाजी कृष्ण पंडितांच्या कारभारास विटून सामानगड, भुदरगड, पन्हाळा येथील गडकऱ्यांनी १८४४ मध्ये बंड उभारले. अशा या मुलखात वैर ही ग्रंथांतून शिकावयाची गोष्ट नव्हती. ते घरोघरच्या दप्तरांत सनदा, महजर आणि कैफियती यांच्या रूपाने गुंडाळून ठेवलेले होते. कादंबरीतील वैर खरे की लटके, हे ओळखण्यास येथील वाचकास टीकाशास्त्राचे साहाय्य फारसे लागले नाही, याचे कारण हे.

गडकऱ्यांचे बंड मोडल्याला सहा वर्षे होतात न होतात तोच, १८५० मध्ये, कोल्हापुरात सार्वजनिक ग्रंथालयाची स्थापना झाली. आज करवीर नगर वाचन मंदिर या नावाने ज्ञात असलेली संस्था ती हीच. आरंभीचा वाचक हा अर्थातच कारकून, वकील, शिक्षक आणि दरबारी मंडळी यांच्यापुरता मर्यादित होता. १८८० मध्ये राजाराम कॉलेज सुरू झाले आणि त्याच कॉलेजात शिकविणाऱ्या प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांनी १८९४ मध्ये ‘ग्रंथमाला’ हे मासिक काढले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी प्रयत्नाने मिळविलेली मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मासिकातून प्रसिद्ध होऊ लागल्यावर, कादंबरी वाचणाऱ्याच्या हाती त्याच कालखंडाची अस्सल पत्रेही येऊ लागली. कल्पित आणि प्रमाण ही दोन्ही एकाच नगरात, कित्येकदा एकाच मेजावर येऊन पडली, या योगायोगाचा परिणाम दूरवर झाला. पुढे करवीरच्या छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून अक्षरओळख तालमीत आणि शेतावर नेली, आणि रखमाबाई केळवकरांसारख्या विदुषींच्या हाती स्त्रीशिक्षणाची सूत्रे देऊन ती माजघरातही नेली. वाचक वाढला तसे त्याचे प्रकार वाढले. आणि ज्या कथेत वैर व प्रीती यांची गाठ पडते, तिच्याविषयी पुरुष काय म्हणतात आणि स्त्रिया काय म्हणतात, यांतील अंतरही प्रथमच दिसू लागले.

कादंबरी येण्यापूर्वी मराठी श्रोत्यास वीर आणि शृंगार हे दोन्ही रस परिचित होते. फक्त त्यांची बैठक निराळी होती. पोवाडा रणाचा, लावणी रतिभावाची. राम जोशी, प्रभाकर, सगनभाऊ या शाहिरांनी दोन्ही रचले, परंतु एकात दुसऱ्याची सरमिसळ करण्याचे टाळले. ही दोन दालने एका छपराखाली आणण्याचे साहस ऐतिहासिक कादंबरीने केले. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ पासून ‘विविधज्ञानविस्तारा’तून प्रसिद्ध होऊ लागली आणि मराठीतील या प्रकाराचा श्रीगणेशा झाला. त्यानंतर रेनॉल्ड्ससारख्या इंग्रज कादंबरीकारांच्या अनुवादांनी वाचकाच्या जिभेस तिखटाची सवय लावली. हरि नारायण आपटे ‘करमणूक’ पत्रातून ऐतिहासिक कादंबऱ्या लिहू लागल्यावर मात्र या तिखटास एक मर्यादा पडली, आणि ती मर्यादा वाचकांनी मनापासून मान्य केली. ‘गड आला पण सिंह गेला’ मध्ये उदयभानूच्या कैदेत पडलेली कमलकुमारी आहे. तो तिच्यावर विवाहाची जबरदस्ती करतो आणि ती अखेरपर्यंत नकार देते. इंग्रजी प्रणयकथेचा शिरस्ता ठाऊक असलेल्या लेखकास येथे उदयभानूचे हृदय वितळविण्याचा आणि कमलकुमारीच्या मनात हळूच करुणेचा अंकुर दाखविण्याचा मोह होण्याजोगा होता. हरिभाऊंनी तो मोह टाळला. बंदिवान स्त्रीचा होकार हा होकार नव्हे, हे तत्त्व मराठी मनाने शिवाजी महाराजांनी सन्मानाने परत पाठविलेल्या कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेच्या कथेतून पूर्वीच आत्मसात केले होते. ती कथा इतिहासाच्या काट्यावर कितपत उतरते हा प्रश्न वेगळा. वाचकाच्या नीतिकल्पनेवर तिने उमटविलेला ठसा निर्विवाद आहे. याच कादंबरीवरून बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरातल्या आपल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट निर्माण केला, आणि ज्यांस अक्षरे वाचता येत नव्हती तेही या वादात पक्षकार झाले.

हरिभाऊंनीच ‘वज्राघात’ मध्ये या कथासूत्राची उलटी बाजू दाखविली. तेथे आधी प्रीती आहे आणि मागाहून वैर. विजयनगरच्या रामराजाने मेहेरजानवर प्रेम केले, राज्यलोभापायी तिला अंतर दिले, आणि त्या विश्वासघाताचे ऋण पुढे एका साम्राज्याच्या विध्वंसाने फेडले गेले, अशी ती कथा. १५६५ च्या राक्षसतागडीच्या रणाची कारणे इतिहासकार अन्यत्र शोधतील आणि ते योग्यच आहे; तथापि कादंबरीकाराने येथे जे सुचविले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. धर्म आणि दौलत यांच्या भिंती ओलांडणारी प्रीती पाप नव्हे, ती ओलांडून मग मागे फिरणे हे पाप, असा निवाडा या कादंबरीतून निघतो. यवन तरुणीविषयी वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणावयाचे, आणि तेही राष्ट्राभिमानाच्या त्या भरतीच्या काळात, ही सामान्य सिद्धी नव्हे.

आता प्रत्यक्ष इतिहासाकडे वळल्यास, वैराचे रूपांतर स्नेहात होण्याची मराठ्यांची रीत इंग्रजी कादंबरीपेक्षा मुळातूनच भिन्न असल्याचे दिसते. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी शृंगारपूर घेतले, सूर्यराव सुर्वे पळाले, आणि त्या दरबारातील कर्तबगार पुरुष पिलाजी शिर्के महाराजांच्या पक्षास आले. या समेटावर मोहोर म्हणून साटेलोट्याची सोयरीक झाली : पिलाजींची कन्या भोसल्यांची सून होऊन येसूबाई झाली आणि महाराजांची कन्या राजकुंवर पिलाजींचे पुत्र गणोजी शिर्के यांस दिली. वैर घराण्यांचे होते. त्याचा निकाल घराण्यांनी लावला. वधूवरांचे वय इतके कोवळे की परस्परांचा द्वेष करण्यासही त्यांस सवड नव्हती. आधी वैर, मग सोयरीक, आणि सोयरिकीच्या पोटी कालांतराने जन्मणारी प्रीती, असा हा क्रम आहे. विलायती कथेत प्रीती विवाहाच्या आधी येते आणि वैर तिच्या वाटेत उभे राहते. आपल्याकडे विवाह वैराचा शेवट करतो आणि प्रीतीस आपली वाट त्यानंतर, सासरच्या उंबऱ्याच्या आत, एकटीनेच शोधावी लागते. मराठी कादंबरीकारास प्रणयासाठी राजपुतान्यात, विजयनगरात किंवा कल्पित गडांवर जावे लागले, त्याचे एक कारण मला येथे दिसते. स्वतःच्या इतिहासातील वैऱ्याच्या घरची मुलगी त्याला सापडत होती. तिचे तारुण्यातील मन मात्र कोणत्याही बखरीत नोंदलेले नव्हते.

शिर्क्यांच्या या सोयरिकीचा पुढचा भागही विसरता कामा नये. दाभोळच्या वतनाचा प्रश्न धुमसत राहिला आणि गणोजी शिर्के मोगलांच्या पदरी गेले. जिंजीच्या वेढ्यातून ताराबाईंचे पती राजाराम महाराज यांची सुटका करण्याची वेळ आली तेव्हा खंडो बल्लाळ चिटणीसांनी आपल्या दाभोळच्या वतनावर पाणी सोडून गणोजींचे साहाय्य मिळविले, असे बखरी सांगतात. राजाराम महाराज सुटले म्हणून पुढे ताराबाई आणि करवीरची गादी. म्हणजे नाते असूनही वैर मिटले नव्हते. ते मिटले कोणीतरी आपल्या हक्काची किंमत मोजली तेव्हा. मराठी वाचक ज्या वेळी एखाद्या कादंबरीतील समेटाविषयी असमाधान व्यक्त करतो, त्या वेळी त्याच्या मनाच्या तळाशी हाच हिशेब असतो.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या आणि चौथ्या दशकांत या हिशेबास नवे वळण मिळाले, आणि तेही राजाराम कॉलेजातच. १९२६ पासून तेथे ना. सी. फडके अध्यापक होते. १९२८ पासून माधव जूलियन होते, ज्यांनी फार्सी-मराठी शब्दकोश सिद्ध केला होता आणि जे कवितेत प्रणयाचे निर्भय गायन करीत होते. आणि प्राचार्यपदी डॉ. बाळकृष्ण होते, जे परदेशी वखारींची दप्तरे चाळून शिवचरित्राचे इंग्रजी खंड लिहीत होते. एकाच इमारतीत इतिहासाचा पुरावा, प्रेमाची कविता आणि कादंबरीचे तंत्र नांदत असल्याचे असे उदाहरण विरळा. फडक्यांनी १९३१ मध्ये ‘प्रतिभासाधन’ लिहून कथानकाची गुंतागुंत आणि उकल यांचे शास्त्र मांडले. त्यांच्या कादंबऱ्या बहुधा समकालीन, नायक-नायिका सुशिक्षित. परंतु त्यांनी वाचकास, आणि विशेषतः तरुण वाचकवर्गास, एक गोष्ट शिकविली. स्त्री-पुरुषांमधील पहिला खटका हा पुढील अनुरागाची नांदी असू शकतो, आणि नायिकेस उलट उत्तर देण्याचा अधिकार असतो. ज्या वाचकाने फडके पचविले, तो ऐतिहासिक कादंबरीतील मुक्या राजकन्येवर समाधान मानीना. वैऱ्याच्या कन्येने नायकास दोन शब्द सुनवावेत, त्याच्या पराक्रमातील क्रौर्य त्याच्या पदरात घालावे, आणि मगच, इच्छा असल्यास, वश व्हावे अशी अपेक्षा उत्पन्न झाली. वृद्धांस हा उद्धटपणा वाटला. ज्यांची स्वतःची लग्ने वडिलांच्या शब्दाने ठरली होती त्या गृहिणींस मात्र या संवादांत निराळीच गोडी लागली असल्यास नवल नाही.

याच्या उलट टोकास पुराव्याचा आग्रह होता, आणि त्याची खरी परीक्षा शिवाजी महाराजांचे पुत्र संभाजी महाराज यांच्या चरित्रावर झाली. मोगल सरदार दिलेरखानाच्या गोटातून परतल्यावर शंभूराजांचे वास्तव्य पन्हाळ्यावर होते आणि १६८० च्या आरंभी पितापुत्रांची अखेरची भेटही तेथेच झाली. त्यामुळे करवीरच्या लोकांस हा विषय घरचा. नाटककारांनी आणि कथाकारांनी या राजाच्या नावाशी नाना प्रेमप्रकरणे जोडली. त्यांतील ‘थोरातांची कमळा’ भालजी पेंढारकरांनी १९४१ मध्ये पडद्यावर आणली, आणि ती लोकप्रियही झाली. पुढे वा. सी. बेंद्र्यांनी १९६० मध्ये छत्रपती संभाजी महाराजांचे साधार चरित्र प्रसिद्ध करून अशा रंगेल चित्रणाचा पायाच काढून घेतला. या प्रकाशनानंतर वाचकांच्या मतांत पडलेले अंतर मोठे उद्बोधक आहे. ज्या कथेस काल प्रणयाची मोहिनी म्हणून दाद मिळत होती, तीच आज चारित्र्यहनन म्हणून फिर्यादीस पात्र ठरली. कथा तीच होती. तिच्या मागची साक्ष बदलली होती. ऐतिहासिक प्रणयकथा ही कल्पनेच्या जहागिरीत राहत असली तरी तिला सारा पुराव्याच्या सरकारात भरावा लागतो, हे या प्रकरणाने सर्वांच्या ध्यानी आणून दिले.

तथापि वैराचे प्रेमात रूपांतर या सूत्राची महाराष्ट्रातील सर्वांत थोर कथा कोणती, असे विचारल्यास तीत नायिका नाही. रोहिड्याच्या कृष्णाजी बांदलाशी शिवाजी महाराजांचा झगडा झाला, त्यात कृष्णाजी मारला गेला, आणि बांदलांच्या पदरचे बाजीप्रभू देशपांडे महाराजांच्या सेवेत आले. १६६० च्या जुलैत पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून महाराज विशाळगडाकडे निघाले तेव्हा घोडखिंडीत जी फौज उभी राहिली ती याच बांदलांची. ज्यांचा धनी महाराजांच्या मोहिमेत पडला, त्यांनी महाराजांसाठी आपली हाडे त्या खिंडीत टाकली. आणि त्या बलिदानाची दखल म्हणून जेधे देशमुखांकडे असलेला तलवारीच्या पहिल्या पानाचा मान बांदलांस देण्यात आला. ज्या जेध्यांनी हा मान सोडला त्यांचे आणि बांदलांचे पूर्वीचे संबंध काही गोडीगुलाबीचे नव्हते. वैर कसे मिटते याचे याहून निःसंदिग्ध उत्तर इतिहासात मिळणे दुर्घट. भालजींनी १९५६ मध्ये आणि रणजित देसायांनी १९८१ मध्ये घोडखिंडीस पुढे मिळालेल्या ‘पावनखिंड’ या एकाच नावाने अनुक्रमे चित्रपट आणि कादंबरी दिली, आणि दोन्ही याच मातीतील माणसांनी दिल्या. अशा कथेवर पोसलेला वाचक जेव्हा वैऱ्यांच्या प्रणयाची कादंबरी हाती घेतो, तेव्हा तो त्या प्रेमिकांना बांदलांच्याच मापाने मोजतो : यांनी काय दिले? काय सोडले?

साठ-सत्तरच्या दशकांत कोल्हापूर जिल्ह्याने ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबरीचे जणू वतनच आपल्या नावे करून घेतले. कोवाडच्या रणजित देसायांची ‘स्वामी’ १९६२ मध्ये, आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ मध्ये, पुढच्याच वर्षी देसायांची ‘श्रीमान योगी’, आणि १९७९ मध्ये सावंतांची ‘छावा’. ‘स्वामी’ने माधवराव आणि रमाबाई यांच्या दांपत्यजीवनास जे केंद्रस्थान दिले, त्याने वाचकांचे सरळ दोन पक्ष पडले. एकाच्या मते राज्यकर्त्याचे अंतःकरण प्रथमच उजेडात आले. दुसऱ्याच्या मते पेशवाईच्या कारभाराची सारी कठोरता अश्रूंत विरघळून गेली. ‘श्रीमान योगी’स नरहर कुरुंदकरांनी लिहिलेली विस्तृत प्रस्तावना ही तर चिकित्सक वाचकाने कादंबरीकाराशी बरोबरीच्या नात्याने मांडलेली चर्चाच आहे. ‘छावा’च्या वाचकांस येसूबाई सर्वाधिक स्मरते, आणि ती वैऱ्यांच्या समेटातून या घरात आलेली मुलगी होती, ही गोष्ट त्यांपैकी किती जणांच्या ध्यानी असेल कोण जाणे! सावंतांनी तिच्या निष्ठेचे चित्र रंगविले. माहेरचे शिर्के आणि सासरचे भोसले यांच्यात फाटलेल्या तिच्या मनावर एक स्वतंत्र कादंबरी अद्याप लिहिता येईल. दोन घराण्यांतील तेढ, सोयरिकीने मिळालेला पती, वतनासाठी शत्रूस मिळालेला भाऊ, आणि १६८९ पासून तीस वर्षे वाट्यास आलेली मोगलांची कैद, इतकी सामग्री ज्या एका आयुष्यात आहे, तिच्यासाठी कल्पित राजकन्येची गरज ती काय?

या साऱ्या मतमतांतरांचे सार काढावयाचे तर वाचकांचे आक्षेप तीन जातींचे असल्याचे दिसते. पहिला आक्षेप असा की वैर केवळ गैरसमजाचे होते; एक पत्र वेळेवर पोहोचते तर कादंबरी पन्नास पानांत आटोपती. दुसरा असा की वैर खरे होते परंतु लेखकाने ते फुकट मिटविले. बापाचा खून पोटात घालून नायिका तिसऱ्या प्रकरणात हसू लागली. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर : एका पक्षाच्या हाती शस्त्र आणि किल्ली, दुसऱ्याच्या हाती काहीच नाही, आणि अशा स्थितीतील शरणागतीस लेखकाने प्रीती असे नाव दिले. विलायतेतील आजच्या वाचकांचेही आपल्या कादंबऱ्यांवर साधारण हेच आक्षेप आहेत. परंतु तेथे त्यांचे स्वरूप मुख्यत्वे मानसशास्त्रीय, आणि येथे त्यांस वतन, इमान आणि अब्रू यांची जोड आहे. म्हणून आमचा वाचक अशा कथेत प्रेमाचे प्रमाण किती हे आधी विचारीत नाही. देणे कोणी फेडले हे विचारतो.

या कसोटीस संकुचित म्हणणारे आहेत. प्रीती ही हिशेबाची वस्तू नव्हे आणि तिला गोतसभेपुढे उभे करणे हा तिचा अपमान, असे ते म्हणतील. त्यांचे म्हणणे भावगीतापुरते मान्य करावयास हरकत नाही. परंतु ज्या लेखकाने आपल्या प्रेमिकांना इतिहासात नेऊन बसविले, त्याने त्यांच्यामागे दोन घराण्यांचे मृतही आणून उभे केले, आणि त्या मृतांस उत्तर देण्याची जबाबदारी स्वतःवर घेतली. ती जबाबदारी ज्याला नको असेल त्याने आपली कथा शकाविना आणि गावाविना सांगावी. वाचक तीही आवडीने ऐकतील. शक आणि गाव घालून सांगितलेल्या कथेकडून मात्र करवीरचा वाचक फेडीची मागणी करीत आला आहे, आणि लोकप्रियतेच्या ऐन भरातही त्याने ती सोडू नये. कारण ती सोडल्यास ऐतिहासिक कादंबरीतील इतिहास हा केवळ पोशाख उरेल, आणि पोशाखाखालची माणसे कोणत्याही काळातील कोणीही असतील.